पावणेदोन तासांचं काठमांडू

प्रिय दीपाली,

माय कधी येणार, असं तू फोनवर विचारलंस की मी लगेच अंगणवाडीची मीटिंग, गेलेली लाईट, नाहीतर पोराचा ताप पुढे करते. ते तुला कळत नसेल असं समजण्याइतकी मी भोळी नाही, आणि तू तर माझ्याहून चलाख. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तुला डॉक्टरने एवढ्या प्रवासाला नको म्हटलं, तेव्हा माहेरानेच उठून तुझ्याकडे जायचं असं ठरलं. मायने हो म्हटलं, जवस निवडायला काढला. आणि नंतर तीच माय तुझा फोन वाजला की ओसरीवरून उठून गोठ्यात जायला लागली. माय कुठे आहे, असं तू विचारायचीस आणि मी म्हणायची, मोहाला गेली. झाडाखाली एक फूल उरलं नाही तरी माझी माय आपली मोहालाच जात होती. म्हणून आज सगळं पहिल्यापासून लिहिते. फोनवर हे बोलणं होत नाही. आपल्या घरात रेंज मिळते ती ओसरीच्या एका कोपऱ्यात, तिथून बोललेलं पलीकडच्या अंगणात ऐकू जातं, आणि तू रडायला लागलीस की मीही रडते, मग बोलायचं ते राहूनच जातं.

तू सुदीपसोबत निघालीस तो दिवस आठव. आपण सगळे बल्लारशाच्या फलाटावर उभे होतो आणि मायने तुझ्या पिशवीत मोहाची डहाळी खोचली होती. सुदीप बिचारा तिला पूजेची समजून हात जोडत होता. आजा असाच वाट मोजायचा, हे त्याला कुठून माहीत असणार? गावाहून निघताना पानं असलेली डहाळी तोडायची आणि हातात धरून चालायचं. पोचल्यावर पानं ताजी असली तर गाव जवळचं, जाऊन त्याच दिवशी परत यावं. पानं मलूल झाली तर मुक्काम करावा. आणि वाळली असली तर त्या गावात मुलगी देताना दोनदा विचार करावा. तू काठमांडूहून पहिला फोन केलास आणि हसत हसत सांगितलंस, माय, पिशवीत नुसता चुरा झाला आहे. तू हसलीस, मी हसले, बा पण हसला. माय हसली नाही. तिने फोन माझ्या हातात दिला आणि चुलीकडे गेली.

पण त्या चुऱ्यातूनही तिने आपला फायदा काढलाच. तू किती लांब आहेस हे सांगताना तिच्या अंगात काय यायचं, ते तू पाहायला हवं होतंस. पोंभुर्ण्याच्या बाजारात चिंचा विकता विकता ती गिऱ्हाईकाला सांगायची, "रेल्वेनं जा, मंग मोटारीनं जा, मंग पहाड चढा, मंग पहाड उतरा, तवा कुठी माह्या पोरीचं घर येते." दर बाजाराला एक पहाड वाढायचा. तीन वर्षांत तिने नेपाळला इतके डोंगर दिले की तिथल्या लोकांनाही ठाऊक नसतील. मी चिडवायची, माय, आता बर्फ पण टाक थोडा. तर पुढच्या बाजारी बर्फ पडलासुद्धा. सुदीप सभ्य माणूस आहे म्हणून बरं, नाहीतर आपल्या देशाची ही गत ऐकून रुसला असता.

मग कार्तिकात बा गेला. धान कापणीला आलं होतं, सकाळी तो बांधावर जरा टेकला आणि तिथून उठला नाही. दुसऱ्या दिवशी माती दिली. आपलं सगळं गोत जमलं होतं, चामोर्शीकडचे पाव्हणे आले होते, आणि येईल तो विचारत होता, धाकटी कुठे आहे? प्रत्येकाला माय एकच उत्तर द्यायची. "लय लांब आहे माहं लेकरू. मन असलं तरी येणार कशी?" हे म्हणताना तिचा आवाज हलायचा नाही. जणू तिने ते आधीच कधीतरी ठरवून ठेवलं होतं. लोक मान डोलवायचे, खरं आहे म्हणायचे. त्यानंतर दिवाळी गेली, शिमगा गेला, दुसरी दिवाळी गेली. तू आली नाहीस आणि कोणी तुला नावं ठेवली नाहीत, कारण मायचे डोंगर तुझ्या पाठीशी उभे होते. तुझ्याबद्दल तिला स्वतःलाही काही वाटू दिलं नाही ते त्या लांबपणानेच. मला मात्र खरं कारण माहीत होतं. त्यावर पुढे लिहिते, आत्ता हात धजत नाही.

आता विमानाचं ऐक. सुदीपने तुझ्या भाऊजींच्या फोनवर तिकिटांची माहिती पाठवली तो शनिवार होता. भाऊजी भद्रावतीच्या नोकरीवरून घरी आले होते आणि गाडी अंगणात लावायच्या आधीच ओरडायला लागले. मायला पोचवायला त्यांनीच जायचं ठरल्यामुळे त्यांनाही विमानात बसायला मिळणार होतं. तिथल्या कॉलनीतल्या झाडून सगळ्यांना ते सांगून आले होते, चहावाल्यालासुद्धा. माय ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. भाऊजी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि फोनवर नकाशा काढून बोट फिरवायला लागले. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू. पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं कार्ड चालतं. त्यावर माय म्हणाली, "मत देल्लं म्हणून दुसऱ्या देशात जाऊ देतेत? मंग तं सरपंचानं जग फिराले पायजे." आम्ही पोट धरून हसलो. दीपाली, ते तिचं शेवटचं हसणं. त्यानंतर कितीतरी दिवस ती हसली नाही.

कारण मग तिने विचारलं, दिल्लीहून किती लांब? भाऊजींनी सांगितलं, सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या आसपास, आणि विमानात बसलं की पावणेदोन तास. मायने चिंच फोडायची थांबवली. "आन् आपल्या इथून चंद्रपूर?" भाऊजी म्हणाले, एसटी वेळेवर भेटली तर दोन तास. माय म्हणाली, "म्हंजे मी चंद्रपूरच्या दवाखान्यात जाऊन चिठ्ठी काढोपर्यंत दीपाली दिल्लीले येऊन उभी राह्यते?" भाऊजींना वाटलं, पटलं! मांडीवर हात मारून म्हणाले, "तेच तं सांगून राह्यलो ना आत्या! चंद्रपूरपेक्षा जवळ आहे पोरगी!" तुझे भाऊजी फार चांगले आहेत, पण समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलणं त्यांना या जन्मी जमायचं नाही. मी मायकडे बघत होते. ती म्हणाली, "डहाळी तं मलूल पण नसती झाली." आणि चिंचांचं सूप तसंच टाकून उठून गेली.

मी मागे गेले. तिला समजावलं की विमानाचे पावणेदोन तास म्हणजे सगळी वाट नाही. तुझ्या घरून विमानतळ, तिथे तासन्‌तास बसणं, दिल्लीला पुन्हा बसणं, तिथून नागपूर, नागपूरहून चंद्रपूर, चंद्रपूरहून पोंभुर्णा, आणि पोंभुर्ण्याला शेवटची गाडी चुकली तर कोणाच्या तरी मोटरसायकलच्या मागे. खरं सांगू का, तिला समजावताना माझ्याच लक्षात आलं की या सगळ्या वाटेत सगळ्यात लांबचा तुकडा आपलाच आहे. देश ओलांडायला जेवढा वेळ लागत नाही तेवढा नागपूरहून आपल्या दारात यायला लागतो. तिकिटाचे पैसे किती लागतात तेही सांगितलं. मायने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "पण आली असती." आली असतीस. माती द्यायला नाही, पण तेराव्याच्या आत नक्की आली असतीस. हिशोब तिलाही येतो.

तेव्हापासून तिने तुझं नाव घेणं टाकलं. भांडली असती तर बरं झालं असतं. माय भांडते तेव्हा घर कसं जागेवर असतं, भांडी आपटतात, कोंबड्या पळतात, आणि अर्ध्या तासात ती चहा मांडते. हे वेगळं होतं. पहाटे उठून मोह वेचायला जायची, टोपली भरून आणायची, अंगणात पसरायची, आणि दिवसभर त्या पसरलेल्या फुलांजवळ बसून राहायची. जवसाचं गाठोडं परत फळीवर गेलं. एकदा मी हातपंपावर तिच्यासोबत होते. बुधरी मावशीने सवयीने विचारलं, सोनीबाई, जाणार का मग पोरीच्या देशात? लय लांब ना वो? माय म्हणाली, "नाई. जवळच आहे. विमानानं तं चंद्रपूरपेक्षा जवळ." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने ते तोंडातून काढलं. आणि बुधरी मावशी, तिचं काही वाईट मन नाही, पण पटकन बाचं नाव काढून बोलून गेली, "मंग बुधूभाऊच्या मातीले काऊन नाई आली?" माय हांडा भरत राहिली. हांडा भरून वाहायला लागला तरी दांडा मारत राहिली. मी तिचा हात धरून थांबवला.

दीपाली, त्या वेळी माझ्या जिभेवर आलं होतं. बुधरीसमोर नाही, पण घरी आल्यावर. मोहाची फुलं उलथताना आम्ही दोघीच होतो आणि मला वाटलं, सांगून टाकावं. सांगावं की बा गेला त्या सकाळी मी फोन केला तेव्हा तो सुदीपने उचलला, आणि तो रडत होता, आणि मला वाटलं याला आधीच कसं कळलं. मग कळलं की तो बासाठी रडतच नव्हता. तू दवाखान्यात होतीस. ज्या दवाखान्यात नर्स म्हणून जायचीस तिथेच खाटेवर. पाचवा महिना होता आणि आदल्या दिवशी सगळं संपलं होतं. पोटात लेकरू आहे हे तू आम्हाला कोणालाच कळवलं नव्हतंस, सहावा लागला की मायला सांगून चकित करायचं म्हणून. चार दिवसांनी तुझ्या अंगात बोलण्याइतका जीव आला तेव्हा तू मला पहिलं काय म्हणालीस ते मी विसरले नाही. म्हणालीस, ताई, मायला सांगू नको, तिला सध्या बाचंच दुःख पुरे आहे, तुला माझी शपथ. त्यानंतर अंगातलं रक्त भरून यायला तुला किती महिने लागले, तू दार लावून कशी बसायचीस, हेही मला सुदीपकडूनच कळलं, तुझ्याकडून नाही. तू आली नाहीस, कारण आली असतीस तर मायच्या समोर तुला ते लपवता आलं नसतं. मला हे ठाऊक आहे. मी शपथ पाळली. मायने "पण आली असती" म्हटलं तेव्हाही पाळली. पण फार जड गेलं, दीपाली. माय तुझ्यावर विनाकारण रुसते आहे आणि मी शेजारी बसून फुलं उलथते आहे, याने मला स्वतःची चीड यायची. कधी तुझीही यायची. का म्हणून मला एकटीला यात अडकवलंस?

तेंदूपत्त्याचे दिवस आले आणि गेले. यंदा पानं चांगली आली. मायने पुडके बांधले, पानं मोजून घेतात त्या फडीवर नेऊन दिले, पण तिथल्या बायकांच्या गप्पांतही ती बसली नाही. भाऊजींनी दोनदा विचारलं, आत्या, तिकीट काढू का, भाव वाढून राह्यले. ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. मला वाटलं संपलं, आता ही जात नाही, आणि तुझ्याजवळ या वेळी आपलं कोणी नसणार. मी माझ्या सुट्टीचा अर्ज लिहायला घेतला होता, खोटं सांगत नाही.

मग परवा सकाळी मी चूल पेटवत होते तर माय आली आणि पाटावर बसली. म्हणाली, मी जातो. पण विमानानं नाही. जशी पोरगी गेली तशी, बल्लारशाहून रेल्वेनं. मी म्हटलं, माय, या उन्हात दोन दिवस हाल कशाला करून घेतेस? तर तिने मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. "पावणेदोन तासात तिच्या दारात उभी राह्यली तं मी भांडीन. बाळंतिणीच्या घरात राग घेऊन पाय टाकू नाई, दूध आटते. रेल्वेनं गेली तं गोरखपूरवरी अर्धा सरन, मोटारीत उरलेला सरन. मले तेवढी वाट पायजे." आपल्याकडे ही रीत आहेच. तुला आठवतं, माझा रघू झाला तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेचं तुझ्या भाऊजींशी भांडण झालं म्हणून मायने तिला दारातच बसवून ठेवलं होतं, पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला, आणि ती हसेपर्यंत आत सोडलं नव्हतं. तीच रीत माय आता स्वतःला लावून घेते आहे. फरक एवढाच की तिचा राग एका गुळाच्या खड्याने जाणारा नाही, त्याला अर्धा देश लागणार आहे. मला एकदम हसू आलं आणि मग रडू आलं. माझ्या डोळ्यांत धूर गेला म्हणून मी तोंड फिरवलं.

भाऊजींचं तोंड मात्र पाहण्यासारखं झालं आहे. आता कॉलनीत काय सांगू, म्हणतात. तरी गुपचूप जाऊन दोघांचं गाडीचं आरक्षण करून आले, खालची बर्थ मिळावी म्हणून बल्लारशाच्या खिडकीवर ताटकळले. घरात बांधाबांध चालू आहे. जवसाचे लाडू, डिंक, वाळवलेला मोह, तुझ्या अंगाला लावायला टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, बाळाच्या दुपट्यांसाठी मायची जुनी मऊ लुगडी. मी म्हटलं, काठमांडूत दुकानं आहेत, माय. ती म्हणाली, "दुकानं असन, पण माहं लुगडं आहे का तिथी?" म्हणजे आवाज परत आला आहे, हे समज. पण तुझं नाव अजून तिने घेतलेलं नाही. "तिच्याकडे", "तिथी", "त्या पोरीच्या घरी" असंच बोलते. फोनवर यायला आजही तयार नाही. म्हणते, जे बोलायचं ते तिथी जाऊन.

हे पत्र तुझ्या भाऊजींच्या खिशात आहे आणि मायला त्याचा पत्ता नाही. ती हातपाय धुवायला गेली की ते तुला देतील, निदान तसं त्यांच्याकडून चारदा वदवून घेतलं आहे. तू दुसऱ्या खोलीत जाऊन वाच. दीपाली, तिचा राग वाटेत सरेल, यावर माझा विश्वास आहे. पण प्रश्न सरणार नाही. आज नाही तर उद्या, तुझ्या डोक्याला तेल लावताना ती विचारेल, बाच्या मातीले काऊन नाई आली? तेव्हा लांब होतं असं म्हणू नकोस. ते आता चालायचं नाही, आणि तुझ्यासाठी तिने उभे केलेले डोंगर तिनेच उतरवले आहेत. शपथ मला घातलीस, स्वतःला नाही. तू तिला सांग की बाच्या आदल्याच दिवशी तुझंही एक लेकरू गेलं होतं. बाळ येण्याच्या आधी सांग, अजून वेळ आहे. ती रडेल, आणि मग तुझ्यावर चिडेल, मले का नाई सांगितलं म्हणून. तो राग नवा असेल, रेल्वेत सरलेला नसेल. तो तू निमूट ऐकून घे. मग ती तुला जवळ घेईल, आणि परत आल्यावर त्या गेलेल्या लेकराच्या नावानेही ती बासोबतच इथे काही विधी करेल. एवढे दिवस इथे त्याच्यासाठी कोणी रडलेलंच नाही.

तुझीच,
ताई